कच्चा माल, साडेचारशे नग

वकिलाला एकदा सनद मिळाली की पुढं मरेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू शेवटचं पुस्तक कधी उघडलंस? रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाला ठरावीक काळानं वर्गात बसवून पुन्हा शिकवतात. शाळामास्तरांची अर्धी सुट्टी प्रशिक्षणात जाते. गावातली आशाताई आरोग्य केंद्रात जाऊन दर महिन्याला काहीतरी नवीन ऐकून येते. वकील मात्र पंचविशीत जे शिकला त्याच्या जोरावर पंचाहत्तरीपर्यंत लोकांच्या आयुष्याचे कागद करत बसतो. याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे.

अनुभवकथन म्हाताऱ्यांनी लिहायचं असतं. मी एकतीस वर्षांची आहे, वकिलीला सात वर्षं झाली. पण संपादकांनी माझ्याकडे वकिलीबद्दल मागितलेलंच नाही. त्यांना हवी आहे ती पेण कोर्टाच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या बसायच्या खोलीत, आम्ही चालवलेल्या वकिलांच्या शाळेची गोष्ट, आणि ती माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत नाही. त्या गोष्टीत पुढं येणाऱ्या काकींना आणि व्यापाऱ्याला विचारूनच लिहिते आहे. नावं तेवढी माझ्या मनची.

वकील व्हायच्या आधी मी पत्रकं लिहायची. धाटावला कंत्राटी कामगारांची एक चळवळ होती, तिची पत्रकं. शिफ्ट बदलताना बस थांबते आणि गेट येतं, त्या मधल्या शंभर पावलांत माणूस जेवढं वाचेल तेवढंच आपलं. म्हणून पत्रकाचा नियम असा, की एक कागद, एक गोष्ट, आणि ती अशा शब्दांत की गेटवर पोचेस्तोवर वाचणाऱ्याच्या तोंडात बसली पाहिजे. हा नियम मी हाडात मुरवून घेतला होता. त्यानंच पुढं मला तोंडावर पाडलं, ते येईलच.

धंद्याचा वकील म्हटलं की लोकांना काचेची इमारत आणि टाय दिसतो. आमच्याकडे धंद्याचा वकील म्हणजे रोह्यात कंपनीला बस पुरवणाऱ्याचा करार करणारा, पेणला पोह्याच्या गिरणीचा भाडेपट्टा करणारा, पापडवाल्या बायकांच्या गटाला दुकानदाराशी लेखी ठरवून देणारा. चांगले दिवस असतात तेव्हा हे करार कुणी वाचत नाही. सही होते, कागद कपाटात जातो, धंदा तोंडी चालतो. टाळेबंदी झाली, तिच्या मागून मंदी आली, धाटावच्या तीन शिफ्टच्या दोन आणि दोनाची एक झाली, आणि अख्ख्या तालुक्यानं एकाच महिन्यात कपाटं उघडली. प्रत्येकाला आपल्या करारातून सुटायचं होतं, नाहीतर दुसऱ्याला त्यात अडकवून ठेवायचं होतं. तेव्हा उघडकीला आलं की कागद करणाऱ्या वकिलांनीसुद्धा ते वाचलेले नव्हते.

रोह्याचा एक बसवाला माझ्याकडे नोटीस घेऊन आला. कामगारांच्या ने-आणीचं त्याचं काम कंपनीनं थांबवलं होतं. नोटिशीत ‘दैवी आपत्ती’ चार वेळा होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की या बाबतीतला कुठलाही वाद लंडन इथल्या लवादापुढं चालेल. पाठवणाऱ्या वकिलानं कुठल्याशा जहाज कंपनीचा मसुदा मोबाईलवरून उचलून नावं बदलली होती, लंडन काढायचं राहून गेलं होतं. बसवाला बिचारा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, “मॅडम, पासपोर्ट काढाया लागंल का? माजी गाडी तर नागोठण्याच्या पुढं बी जात नाय.”

मी हसले आणि मग संतापले. संतापले की मी पत्रक लिहिते. त्याच संध्याकाळी एक कागद छापला आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आत पेणच्या बार रूममध्ये चिकटवला. वर मोठ्या अक्षरांत: ‘वकीलसाहेब, शेवटचं पुस्तक कधी उघडलंत?’ खाली, की पक्षकाराचा धंदा बुडत असताना आपण मोबाईलवरचे मसुदे विकतो, याची लाज वाटत असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी इथंच जमू या आणि करार कायदा पहिल्यापासून वाचू या.

दुपारी पाहिलं तर पत्रक जागेवर नव्हतं. मी भांडायच्या तयारीनं आत गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत अण्णा पाटणकर बसले होते, पत्रक त्यांच्या मांडीवर होतं आणि हातात तांबडं पेन. पेणमध्ये चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. अर्ध्या गावाची खरेदीखतं त्यांच्या अक्षरात आहेत. त्यांनी शेवटच्या ओळीतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, पत्रक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “आता लाव. लोकांना शिकवायला निघालीस, निदान ‘शनिवार’ तरी नीट लिही.”

पहिल्या वर्गाला अकरा जण आले. सात पेणचे, चार रोह्याचे, दोन मोटारसायकलींवर. रोह्याच्या चौघांत सावंत वकील होते, त्याचं मला आश्चर्य वाटलं. धाटावच्या कंपन्यांचं काम करणारे म्हणून एका जुन्या पत्रकात मी त्यांना ‘मालकांच्या ताटाखालचं मांजर’ लिहिलं होतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “मांजराला बसायला जागा आहे ना?” मी खुर्ची दिली. दुसरं काय करणार?

अण्णाही होते, खिडकीपाशी, वर्तमानपत्र उघडून. वर्गात बसणार का म्हणून कुणीतरी विचारलं तर म्हणाले, खुर्ची माझी आहे, वर्ग तुम्ही तिच्याभोवती भरवलाय.

मी शिकवायची म्हणजे काय, आदल्या आठवड्यात स्वतः वाचायची आणि शनिवारी सांगायची. प्रत्येक वर्गाला एक कागद, दोन बाजू छापलेला. तिसऱ्या वर्गाचा विषय होता लेखी करार आणि तोंडी बोलणं. पुरावा कायद्याचं ब्याण्णव कलम सांगतं, ढोबळ मानानं, की एकदा अटी कागदावर उतरल्या की त्यांच्या उलट तोंडी बोलण्याचा पुरावा चालत नाही. मला हे कलम फार आवडलं. इतकी वर्षं तोंडी आश्वासनं देऊन कामगारांना फिरवणारे लोक मी पाहिलेले. मी फळ्यावर लिहिलं: ‘कागदावर लिहिलं तेच खरं.’ गेटवर पोचेस्तोवर तोंडात बसेल असं वाक्य. बसलंही. चहाच्या वेळी दोन-तीन जण तेच म्हणत होते.

त्या कलमाला अपवाद आहेत, आणि मागोमाग कागदातल्या संदिग्ध शब्दांबद्दलची बारकी कलमं येतात, उदाहरणांसकट. कागदाच्या दोन बाजूंत ती मावत नव्हती. मी ब्याण्णव नंबरच्या पुढं तीन टिंबं दिली आणि छापायला टाकलं.

साधारण महिन्याभरानं, उन्हाळा सरत आला होता तेव्हा, पेणजवळच्या हमरापूरच्या सुमनकाकी बार रूमच्या दारात उभ्या राहिल्या. काकींचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड, आत मांडण्यांवर मूर्ती, आणि काकी, त्यांची जाऊ आणि गावातल्या सहा पोरी. पोरींना माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत सगळं काकींनी हाताला धरून शिकवलेलं. त्या अण्णांकडे आल्या होत्या. मला त्या ओळखत नव्हत्या.

अण्णांनी नोटीस वाचली, पुन्हा वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कागद माझ्याकडे सरकवला.

ठाण्याच्या एका व्यापाऱ्यानं काकींशी करार केला होता. त्याचं पॅकिंगचं छोटं युनिट धाटावला होतं, म्हणून वकील रोह्याचा. नोटीस सावंतांची होती. तिच्यात म्हटलं होतं, की करारानुसार काकींनी ‘रॉ मटेरियल’ साडेचारशे नग द्यायचे होते. रॉ मटेरियल म्हणजे शाडूची माती, काथ्या वगैरे, आणि नग म्हणजे अर्थातच गोणी. त्याऐवजी काकी मूर्ती घेऊन जा म्हणतात. मूर्ती आमच्या पक्षकारानं मागवल्याच नव्हत्या, सबब त्या उचलण्याचं बंधन त्याच्यावर नाही. आणि तोंडी काही वेगळं ठरलं होतं असं म्हणाल, तर कलम ब्याण्णवप्रमाणे तसं म्हणता येणार नाही. शेवटचं वाक्य: ‘कागदावर लिहिले तेच खरे.’

माझं वाक्य. ‘लिहिलं’चं ‘लिहिले’ केलं एवढाच काय तो फरक.

पेणबाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे मूर्ती साच्यातून काढली, वाळवली, पॉलिशपेपरनं घासून सारखी केली, पण रंग दिला नाही, की तिला कच्चा माल म्हणतात. बाहेरगावचे व्यापारी असा कच्चा माल नेऊन आपल्याकडे रंगवतात. हमरापुरात पोरंसोरंसुद्धा हाच शब्द वापरतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माती ती माती. कच्चा माल म्हणजे गणपती, फक्त अजून डोळे न उघडलेला.

व्यापाऱ्याला बँकेत दाखवायला इंग्रजी करार हवा होता. काकींनी अण्णांपुढं बसून सांगितलं होतं, कच्चा माल, साडेचारशे नग, दाखवलेल्या नमुन्याप्रमाणं. अण्णांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं कच्च्या मालाचं रॉ मटेरियल केलं. शाळेतल्या पुस्तकात आहे तेच.

काकी उभ्याच होत्या. त्या अण्णांना नाही, मला म्हणाल्या, “काय गो, साडेचारशे गोनी माती मी कनाला देईन? आमाला माती पेरायची हाय काय?”

मग त्यांनी जे सांगितलं ते महत्त्वाचं होतं. मूर्ती शाडूच्या. रंगाचा थर नसताना पावसाळी हवा लागली की शाडू ओल ओढतो, बोटं गळतात, सोंडेला चीर जाते. ज्येष्ठ संपायच्या आत माल शेडमधून हलला नाही तर तो मालच राहणार नाही. दुसरं गिऱ्हाईक त्या वर्षी मिळण्यासारखं नव्हतं, सगळ्यांनीच हात आखडते घेतले होते. आणि शेड बंद झाली तर त्या सहा पोरी धाटावला पॅकिंगला जातील. एकदा शिफ्टला लागलेली पोरगी पुन्हा मातीला हात लावत नाही, हे काकींनी शेजारच्या दोन कारखान्यांत पाहिलं होतं. “हात हायेत ते पोरींचे,” त्या म्हणाल्या, “येवढे दिवस लागले बसवायला.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन सावंतांना फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की त्यांचा पक्षकारही बुडतोय, ठाण्याची त्याची दोन्ही दुकानं बंद आहेत, रंगारी गावाला निघून गेलेत, आणि वकिलानं पक्षकाराच्या कागदातलं जे उपयोगाचं ते वापरायचं असतं. मग म्हणाले, “मॅडम, मी तुमच्याच वर्गात शिकलो. कागदावर टिपून घेतलंय. दाखवू?”

मी फोन ठेवला आणि आत येऊन जाहीर केलं की पत्रक काढते. ‘गणपतीला माती म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचा निषेध.’ ठाण्याच्या दुकानांसमोर वाटू. अण्णांनी मान वर केली नाही. म्हणाले, “त्या पत्रकात मूर्ती गुंडाळायच्यात का? पुस्तक आण. तुझा तो कागद नको, पुस्तक.”

त्यांचं पुरावा कायद्याचं पुस्तक दोऱ्यानं शिवलेलं, पानं पिवळी. त्यांनी एक्याण्णवपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचतात तसं, एकही शब्द न गाळता. काकींना इंग्रजी कळत नव्हतं, तरी त्या पदर सावरून लक्ष देऊन ऐकत होत्या. मला ते संथ वाचन सहन होईना. पुढं चला म्हणून मी दोनदा म्हटलं. अण्णा पुढं गेले नाहीत. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, उदाहरणांसकट. अठ्ठ्याण्णवला आले आणि थांबले.

ते कलम म्हणतं की एखादा शब्द स्थानिक असेल, धंद्यातला असेल, विशिष्ट अर्थानं वापरलेला असेल, तर त्याचा अर्थ दाखवायला पुरावा देता येतो. आणि खाली उदाहरण एका शिल्पकाराचं आहे. तो कुणाला तरी लिहून देतो की माझे सगळे ‘मॉड्स’ तुला विकले. त्याच्याकडे मूर्तींचे नमुनेही आहेत आणि मूर्ती घडवायची हत्यारंही. त्याला नक्की काय विकायचं होतं, याचा पुरावा चालेल.

दीडशे वर्षांपूर्वी कुणा साहेबानं कायदा लिहिताना उदाहरण घेतलं ते मूर्तिकाराचं, आणि पेणसारख्या गावात वर्ग घेताना मी नेमकं तेच कापलं होतं. तीन टिंबांत.

अण्णांनी काकींना मराठीत समजावून सांगितलं. काकी म्हणाल्या, “म्हंजे ह्ये आमचंच लिवलंय.”

“तुमचंच,” अण्णा म्हणाले. “आता तो शब्द तसाच वापरला होता, हे सांगायला माणूस लागेल.”

हमरापुरातले दहा जण येऊन सांगतील, मी म्हटलं. अण्णा म्हणाले, ते काकींचे शेजारी, त्यांचं वजन तेवढंच. ज्यानं शब्द लिहिला त्यानं सांगितलं तर गोष्ट वेगळी. पुढचं मला माहीत होतं. ज्या कामात वकिलाला स्वतः साक्षीदार व्हायचं आहे, त्या कामात त्याला वकील राहता येत नाही. अण्णांना काकींचं वकीलपत्र सोडावं लागणार होतं. आणि सोडून लेखी म्हणावं लागणार होतं, की मला ‘कच्चा माल’ इंग्रजीत लिहिता आला नाही. त्यांच्या तांबड्या पेनानं पेणच्या दोन पिढ्यांचे वकील सुधारलेले. त्यांतले निम्मे तरी ही गोष्ट चहाच्या टपरीवर मीठ लावून सांगणार होते.

सोमवारी अण्णा आले ते हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन. मराठीत, दीड पान. मी वाचलं आणि मला भरून आलं, म्हणून मी कामाचं बोलले. म्हटलं, अण्णा, ‘माझी चूक झाली’ असं सरळ कशाला, ‘भाषांतरात अनवधानाने तफावत राहिली’ असं लिहू. अर्थ तोच.

“अर्थ तोच असता तर काकी इथं आल्या नसत्या,” ते म्हणाले. “चूक तर चूक लिही. आणि हे घे.” वकीलपत्र सोडल्याचा कागद होता, खाली नवा वकील म्हणून माझं नाव घालायला जागा मोकळी.

दावा लावला असता तर निकाल लागेपर्यंत मूर्तींची पुन्हा माती झाली असती. म्हणून आम्ही विधी सेवा समितीकडे दावा लावायच्या आधीच मध्यस्थी मागितली. सावंत तयार झाले. त्यांच्या पक्षकारालाही कोर्टाची हौस नव्हती. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. पेण कोर्टातल्या छोट्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला सावंत आणि व्यापारी, दुसऱ्या बाजूला मी आणि काकी. अण्णा भिंतीलगतच्या बाकावर, पक्षकार बसतात तिथं.

व्यापारी साधा माणूस निघाला. पत्रकात मी त्याला शिंगं काढणार होते. चेहऱ्यावर झोप नसल्याची खूण, हातात फाईल, सारखा मास्क वर ओढत होता.

अण्णा उभे राहिले. बाई म्हणाल्या बसून बोला, ते बसले नाहीत. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं नाही, सांगितलं. काकींनी काय सांगितलं, मी काय लिहिलं, आणि या माणसाच्या समोर नमुन्याची मूर्ती टेबलावर होती तेव्हा लिहिलं. “इंग्रजी माझं चुकलं,” ते म्हणाले. “त्या दोघांचं मराठी बरोबर होतं.”

सावंतांनी वकिलाला शोभेल असा मुद्दा काढला, की नमुना टेबलावर असेलही, पण करारात नमुन्याचं वर्णन नाही. ते बरोबर होतं. काकींना बहुतेक वाटलं की आता पुन्हा इंग्रजी सुरू होणार. त्यांनी पायाशी ठेवलेलं गाठोडं उचललं, वर गुंडाळलेला धडपा सोडला आणि आतली मूर्ती टेबलावर ठेवली. राखाडी, घासून गुळगुळीत, डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे. ठेवताना ती जरा आपटल्यासारखी झाली.

व्यापाऱ्याचा हात पुढं आला. “अहो काकी, सांभाळून,” तो म्हणाला. “कच्चा माल आहे, बोट जाईल.”

बाईंनी सावंतांकडे पाहिलं. सावंतांनी फाईल मिटली आणि रुमालानं चष्मा पुसायला घेतला. मध्यस्थीत बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, तेवढा कायदा मला येत होता. पण तो माणूस स्वतःच खाली बघून हसायला लागला होता, आणि हसू आलेल्या माणसाला पुन्हा खोटं धरून बसता येत नाही.

मग तो खरं बोलला. मूर्ती हव्या होत्या, अजूनही हव्यात, पण रंगवणार कोण? रंगारी नाहीत. इतका वेळ आम्ही सगळे मूर्ती मागवल्या की नाही यावर भांडत होतो, आणि त्याची अडचण भलतीच होती. काकी म्हणाल्या, “आमच्या पोरी काय फकस्त माती मळतात?”

अर्ध्या तासात ठरलं. तीनशे मूर्ती त्यानं कच्च्याच उचलायच्या, त्याच्या ओळखीतला एक जण कल्याणला रंगवणार. दीडशे काकींनी इथंच रंगवून, आखणी करून द्यायच्या. सहाही पोरींना गणपतीपर्यंत हाताला काम. समझोत्याचा कागद मराठीत झाला. सावंतांनी मसुदा केला, मी तपासला, आणि अण्णांनी बाकावर बसल्या बसल्या दोन ऱ्हस्व-दीर्घ काढून दिले.

वर्ग अजून चालू आहे. अकराचे अठरा झालेत. त्या वर्षी माझं अर्धं कलम घेऊन आणखी कुणी कुणाला नोटीस पाठवली असेल, याची मला खरोखरच खंत आहे. मी सगळ्यांना फोन करून अठ्ठ्याण्णव कलम सांगितलं, पण नोटीस परत बोलावता येत नाही. आता उदाहरणं आधी वाचतो, कलम मागून. एक शनिवार आम्ही फक्त स्वतःच्या चुका सांगायला ठेवलाय. सुरुवात अण्णांनी केली, त्यामुळं नंतर कुणाला तोंड लपवता आलं नाही. लंडनचा लवाद कुणाचा होता तेही त्याच दिवशी कळलं. नाव सांगत नाही, पण त्यानं त्या दिवशी सगळ्यांना भजी खिलवली. मंदी आपल्या चालीनं हटली, त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. वकील मात्र पुस्तक उघडायला लागले, हे आमचं. मी समाधानी आहे. ज्यांनी माझी पत्रकं वाचलीत त्यांना हे वाक्य माझं वाटणार नाही, पण आहे.

माल उचलायचा दिवस ज्येष्ठातला, आभाळ भरून आलेलं. टेम्पो शेडच्या तोंडाशी लावला होता. पोरी पेंढ्याच्या थरांवर मूर्ती ठेवत होत्या, व्यापारी स्वतः मोजून घेत होता. पोच लिहायची होती. मालाचं वर्णन काय करायचं यावर मी आणि सावंत घोळ घालत बसलो. ‘रंगविरहित शाडू मूर्ती’ म्हणावं, की ‘अर्धसिद्ध’, की कंसात ‘स्थानिक भाषेत कच्चा माल’? काकी हात धूत होत्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं.

“समोर दिसतात ते काय हायेत?” त्यांनी विचारलं. “गनपती लिवा. तीनशे गनपती.”

सावंतांनी तसं लिहिलं. देणार म्हणून काकींनी सही केली, घेणार म्हणून व्यापाऱ्यानं. साक्षीदार राहिला. अण्णा शेडच्या दारात टेम्पोवरची ताडपत्री नीट बांधली की नाही ते बघत होते. मी त्यांना हाक मारली आणि पेन दिलं. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला, वाचला, सगळा, आणि पेन उजव्या कोपऱ्याकडे नेलं. वकिलाची सही तिथं असते.

“अण्णा, डावीकडं,” मी म्हटलं. “साक्षीदार डावीकडं.”

“मला सांगतेस?” ते म्हणाले. “चाळीस वर्षं लोकांना तिथं मीच बसवतोय.” आणि त्यांनी डावीकडं सही केली, पूर्ण नाव, खाली धंद्याच्या रकान्यात ‘वकील’ लिहायला घेतलं, थांबले, आणि लिहिलं: ‘करार लिहिणारा’.